पॉलिंग ते विंगडेल, मुलीच्या मागून

अमेरिकेहून परतलो तेव्हा आमच्या वणीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी तासभर बोललो. नायगारा सांगितला, न्यूयॉर्कच्या इमारती सांगितल्या, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून शालूपर्यंत सगळं कसं मिळतं तेही सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या, चहा झाला. त्या तासाभरात मी एक दिवस गाळला. दोन रेल्वे स्टेशनांच्या मधला, टेकड्यांवरून पायी गेलेला. सहा आठवड्यांच्या मुक्कामातला तोच एक दिवस मला एकेका तासासह आठवतो. त्याला आता पाच वर्षं होत आली. लिहून टाकतो.

२००३ सालचा ऑक्टोबर. मी चुनखडीच्या खाणीवर एकतीस वर्षं सर्व्हेअर होतो. निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत माझी बायको कुसुम गेली. मृणाल आमची एकुलती एक. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते, नवरा समीर आणि सात वर्षांची रिया. मृणाल एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधते. आई गेली तेव्हा ती येऊ शकली नव्हती. त्या वर्षी समीरची नोकरी सुटली होती आणि सगळं घर मृणालच्या व्हिसावर उभं होतं. भारतात आलं की परत जाताना व्हिसाचा शिक्का नव्यानं घ्यावा लागे, आणि त्या दिवसांत तो शिक्का अडकला तर महिनोन्‌महिने अडके. नातेवाइकांना हे कोण समजावणार? ‘अमेरिकेला गेली, आईला विसरली,’ असं तेराव्याच्या पंगतीत माझ्यादेखत बोललं गेलं. मी वाढत होतो. वाढत राहिलो.

वर्ष झाल्यावर तिनं मला तिकडं बोलावून घेतलं.

पांढऱ्या दगडाचं गाव

पहिले दोन आठवडे मॉल पाहण्यात गेले. मला मॉलमध्ये पायऱ्या आपोआप वर जातात यापलीकडे काही नवल वाटेना. मृणालच्या ते लक्षात आलं. एका गुरुवारी ती ऑफिसातून नकाशे छापून घेऊनच आली.

“बाबा, तुम्हाला दगड बघायचेत ना? हे बघा. न्यूयॉर्कच्या वर, दोन तासांवर. खाली सगळी व्हाइट मार्बलची, लाइमस्टोनची व्हॅली आहे. पूर्वी तिथं चुन्याच्या भट्ट्या होत्या म्हणे. एका स्टेशनवर उतरायचं, डोंगरावरून चालायचं आणि पुढच्या स्टेशनवर ट्रेन पकडायची. आठ माइल्स. जमेल?”

आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. खाणीवर मी रोज तेवढं चालत असे. “तुला जमेल का ते बघ,” मी म्हणालो. ती हसली. मी तिथं गेल्यापासून ती पहिल्यांदा तशी हसली.

शनिवारी समीर आणि रियाला घरी ठेवून आम्ही दोघंच निघालो. गाड्या बदलत गेलो, ते सांगण्यासारखं नाही. शेवटच्या गाडीत मात्र एक गंमत झाली. आम्हाला उतरायचं होतं ते पॉलिंगच्या पलीकडचं, फक्त पायी फिरणाऱ्यांसाठी बांधलेलं स्टेशन. ते इतकं लहान की एकाच डब्याचं दार फलाटाला लागतं, आणि आम्ही बसलो होतो तीन डबे मागं. गाडी थांबल्यावर हे कळलं. मी काठी सावरत धावलो, मृणाल पुढं ओरडत धावली. गार्ड दारात पाय रोवून उभा होता. “सावकाश या, सर,” तो म्हणाला. “तुम्ही उतरल्याशिवाय ही हलत नाही.” आमच्याकडे मंत्र्यासाठी थांबते गाडी.

गाडी गेली आणि आम्ही दोघं एका लाकडी फलाटावर उरलो. फलाट आपल्या बसथांब्याएवढा. ना स्टेशनमास्तर, ना चहावाला, ना इमारत. हायवे ओलांडला, एका कुरणाच्या कडेनं गेलो आणि रान सुरू झालं.

वाट दाखवायला झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले होते, तीन बोटं रुंद, वीतभर लांब. एक दिसेनासा होण्याआधी दुसरा दिसे. मेपलची पानं लाल झालेली. आमच्याकडे रानाला हा रंग फुलांनी येतो, फाल्गुनात पळसाच्या. इथं तो पानं मरताना येतो. पण खरं नवल वेगळंच होतं. ऐन जंगलात, माणसाचा वावर नाही अशा जागी, कंबरेएवढे दगडी गडगे उभे होते. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवलेला. टेकडी चढून ते पलीकडे उतरत होते. जंगलाला कुंपण कोण घालतं?

याचं उत्तर अर्ध्या तासानं भेटलं. एक म्हातारा पत्र्याच्या डब्यात ब्रश बुडवून झाडावरचा पट्टा नव्यानं रंगवत होता. नाव वॉल्टर. पोस्टमन होता, निवृत्त झालेला.

“हे काम कोणी दिलं तुम्हाला?” मी माझ्या साहेबी इंग्रजीत विचारलं.

“कोणीच नाही. या वाटेचे चार मैल माझे. वर्षातून दोनदा येतो.” मग गडग्याकडे ब्रश दाखवून म्हणाला, “हे सगळं शेत होतं. माझ्या आजीच्या वडिलांचं. नांगर घातला की दगड निघायचे, ते त्यांनी कडेला रचले. शेवटी कंटाळून पश्चिमेला निघून गेले. जंगल परत आलं.”

मी गडग्यातला एक पांढुरका दगड चाचपत होतो. मृणालला म्हटलं, डब्यातलं लिंबू काढ. तिनं कांद्यावर पिळायला अर्धं लिंबू आणलं होतं. मी घराच्या किल्लीनं दगड खरवडला, भुकटी झाली त्यावर लिंबू पिळलं आणि दोघांना म्हटलं, “आता कान लावा.” बारीक चरचर झाली, फेस आला.

“चुना आहे यात,” मी म्हणालो. “कच्चा संगमरवर. नुसत्या दगडावर पिळलं असतं तर काही झालं नसतं. आधी खरवडावं लागतं.”

वॉल्टर तोंड उघडं टाकून बघत राहिला. सत्तर वर्षं या दगडांत गेली, म्हणाला, आणि हे कोणी दाखवलं नाही. “माय फादर नोज स्टोन्स,” मृणाल त्याला म्हणाली. तिच्या शाळेत मी बक्षीस समारंभाला जायचो तेव्हा माझा चेहरा कसा होत असेल, ते मला तिच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं.

निघताना वॉल्टरनं सांगून ठेवलं, “एका पट्ट्यावर दुसरा पट्टा, असे दोन दिसले की थांबा. तिथं वाट वळते. सरळ गेलात तर जुन्या खाणीवर पोचाल.”

माथ्यावर

बारा वाजता आम्ही एका उघड्या खडकावर जेवायला बसलो. खाली दरी, तिच्यात खेळण्यातल्यासारखी रेल्वेलाइन, लाल कोठारं, आणि थोडी गुरं, सगळी एकाच दिशेला तोंड करून. मृणालनं फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं काढली, लसणाची चटणी, एका डबीत दही. थालीपीठ गार झालं होतं तरी कडेला खरपूस होतं. मी दोन खाल्ली, तिसरं हातात घेतलं. मन मोकळं झालं होतं. माणूस सैल झाला की जीभही सैल होते.

“कुसुमच्या हातची चव आली,” मी म्हणालो. “तिला बिचारीला मार्चपासून यातलं काही गिळताच येत नव्हतं. नुसतं वरणाचं पाणी.”

मृणाल दह्याची डबी बंद करत होती. झाकण तसंच धरून थांबली.

“मार्चपासून?”

“म्हणजे... शेवटी शेवटी.”

“बाबा, आई सप्टेंबरमध्ये गेली. तुम्ही मला फोनवर सांगितलंत, कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. मार्चमध्ये काय झालं होतं?”

मी खाली दरीकडे पाहिलं. चूक सापडली की ती कुठून सुरू झाली ते मागं मागं जाऊन शोधणं हे तिचं रोजचं काम. तिला टाळणं मला जमलं नसतं.

“अन्ननलिकेचा कॅन्सर होता. मार्चमध्ये नागपूरला तपासलं तेव्हा कळलं.”

“आणि मी दर संडेला फोन करत होते. एप्रिल, मे. आई बोलायची माझ्याशी.”

“तिनंच शपथ घातली होती मला, मृणालला कळवू नका म्हणून. समीरची नोकरी गेलेली, पोरीच्या डोक्याला आणखी ताप नको.”

“आणि जूननंतर? तुम्ही म्हणायचात, झोपलीये, देवळात गेलीये.”

“आवाज गेला होता तिचा.”

तिनं फॉइलची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी, मग आणखी एक. सगळं सॅकमध्ये भरलं, कचरा सुद्धा, आणि उठून चालू लागली. तिसरं थालीपीठ माझ्या हातातच होतं.

खाण

पुढचा तासभर मी तिच्या मागून चाललो. आधी तिची निळी सॅक दिसत होती, मग नुसता पानांवर पाय पडल्याचा आवाज, मग तोही नाही. मी जे सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. कुसुम तसं म्हणाली होती, मार्चमध्ये. पुढचं मी सांगितलं नव्हतं. चालता चालता मी हाच हिशोब लावत होतो, की तिनं आणखी काही विचारलं नाही तर मार्चवर सगळं भागेल.

दोन पट्टे कुठं होते मला कळलंच नाही. वाट उतरत गेली, पट्टे संपले, पायाखाली पांढरी खडी लागली. ओल्या पानांवरून पाय सरकला आणि मी गुडघ्यावर पडलो. उठून पाहतो तर समोर खाण. तीन बाजूंनी उभे कापलेले पांढरे कडे, तळाशी साठलेलं हिरवं पाणी, कड्यांतून वाढलेली झाडं. कड्यावर सुरुंगाची भोकं ओळीनं दिसत होती. अशा शेकडो भोकांची मापं मी घेतलीत. मी तिथंच एका दगडावर बसलो. काठी पाण्यात गेली होती.

बऱ्याच वेळानं वरून हाका आल्या. “बाबा! बाबा!” आवाज घाबरलेला. मी ओ दिली. ती धडपडत उतरली, माझा गुडघा पाहिला, बाटलीतल्या पाण्यानं धुतला, सॅकमधून पट्टी काढून लावली. तिचे डोळे सुजले होते. हात मात्र हळुवार होते, आईसारखे.

“सॉरी,” ती म्हणाली. “मी थांबायला हवं होतं. तुम्ही असे एकटे...” मग माझ्या शेजारी बसली. “मी विचार केला, बाबा. आई तशीच होती. तिला माझंच टेन्शन. तुम्ही तरी काय करणार होतात? एकट्यानं सगळं केलंत.” माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, “शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का ती?”

ती मला माफ करायला निघाली होती. मी एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, की हो, पोरगी सुखात राहू दे म्हणाली. म्हातारपण सुखात गेलं असतं. ते मला का म्हणता आलं नाही, याचा मी अजून विचार करतो. खरेपणाची फार चाड आहे म्हणून नव्हे, तेवढं तर या पाच वर्षांत माझं मला कळलं आहे. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि मला तो हात सोसेना.

“तिनं तुला बोलवायला सांगितलं होतं,” मी म्हणालो. “जुलैपासून. आवाज नव्हता, पण ओठांवरून कळायचं. फोन वाजला की विचारायची, मृणालचा का? येते म्हणाली का?”

“तुम्ही काय सांगायचात?”

“आधी सांगितलं, येते म्हणाली. मग सांगितलं, रजा मिळत नाही. मग व्हिसाचं सांगितलं. मावशीला, सगळ्यांना तेच सांगितलं. मृणालला कळवलंय, तिला निघता येत नाही.”

“म्हणजे आईला वाटत होतं की मला माहीत आहे.”

“हो.”

“आणि माहीत असून मी आले नाही.”

मी होकाराची मान हलवली. खाणीतल्या पाण्यावर पानं पडत होती. तिनं हात काढून घेतला.

“कोणासाठी?” तिनं विचारलं.

“तुझ्यासाठीच. तू आली असतीस, शिक्का मिळाला नसता, नोकरी गेली असती, समीरची आधीच...”

“नाही, बाबा. व्हिसा माझा, जॉब माझा, आई माझी. डिसिजन माझा होता. तुम्ही कोणासाठी केलंत ते सांगा.”

मग मी तेही सांगितलं. वणीत मला सर्व्हेअर म्हणून फारसं कोणी ओळखत नव्हतं. मृणाल अमेरिकेला गेली आणि मी ‘अमेरिकावाल्या मृणालचे बाबा’ झालो. बँकेत खुर्ची मिळू लागली, लग्नात पहिल्या पंगतीला बोलावणं येऊ लागलं. ती परत येऊन अडकली असती, नोकरी घालवून घरी बसली असती, तर चौकात मी काय सांगितलं असतं? कुसुमच्या उशाशी बसून मी हा विचार केला होता. कितीदा तरी केला होता.

ती रडली नाही, ओरडली नाही. उठली, पँटची खडी झटकली आणि घड्याळ पाहिलं. “चला,” म्हणाली. “चार वाजून बावन्नची ट्रेन आहे.”

त्या दुपारनंतर तिनं मला ‘बाबा’ अशी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तुम्ही म्हणते, आदरानं बोलते. हाक मात्र मारत नाही.

विंगडेल

उरलेली वाट डांबरी रस्त्यानं होती. पायी चालणाऱ्याला तिथं जागाच नाही. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. ती वाहनांच्या बाजूनं चालत होती आणि मला आतल्या बाजूला ठेवत होती. एका घराच्या दाराशी भोपळे मांडले होते. दुसरा दिवस असता तर मी थांबून विचारलं असतं, भाजीला का नुसते शोभेला.

विंगडेलच्या स्टेशनपलीकडे विटांच्या मोठमोठ्या बंद इमारती आहेत, शेकडो खिडक्यांच्या. कधीकाळी तिथं मनोरुग्णांचं इस्पितळ होतं, अशी पाटी वाचली. फलाटावर आणखी एक जोडपं होतं, त्यांनी आमच्याकडे पाहून हात हलवला. मृणालनं हसून हात हलवला. मग मला म्हणाली, “बीपीची गोळी घेतली का? पाणी आहे यात थोडं.” गाडीत तिनं मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः समोरच्या नाही, मागच्या बाकावर बसली.

घरी पोचलो तेव्हा समीरनं दार उघडलं. “कसा झाला ट्रेक?”

“मस्त,” मृणाल म्हणाली. “ते थकलेत. वरण-भात लावते.”

रिया माझ्या पट्टीकडे बघत विचारत होती, “आजोबा, डिड यू सी अ बेअर?” मी नाही म्हटलं. ती निराश झाली.

त्यानंतर मी तीन आठवडे तिथं होतो. माझ्या सेवेत कणभर कमी पडलं नाही. सकाळी चहा, वेळेवर गोळ्या, शनिवारी ओक ट्री रोड, मंडळातल्या मित्रांसाठी चॉकलेटं. नायगाराही त्याच तीन आठवड्यांत पाहिला. कठड्याशी ती माझ्या शेजारी उभी होती, आणि धबधब्याचा आवाज एवढा होता की दोघांनाही बोलावं लागलं नाही. विमानतळावर ती वाकून पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. केस ओले होते, सकाळी घाईत नहाली असावी.

आता दर रविवारी फोन येतो. तब्येत विचारते, पाऊस विचारते, रियाला दोन वाक्यं मराठीत बोलायला लावते. तिच्या आवाजात राग असता तर मी त्याची वाट पाहिली असती, की कधीतरी उतरेल.

ज्यांनी तिला तेराव्याच्या पंगतीत नावं ठेवली त्यांच्यापैकी काही अजून आहेत आणि आमच्या मंडळाचा वार्षिक अंक वाचतात, हे मी त्यातच छापायला देतोय. त्यांनी हे वाचावं. तिला कोणी कळवलंच नव्हतं.

२००६ मध्ये तिचं ग्रीन कार्ड झालं आणि ती आली. नागपूरला मावशीकडे दहा दिवस राहिली. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण मावशीनं त्यानंतर मला फोन केलेला नाही. वणीला ती एकाच दुपारी आली. चहा घेतला आणि शेजारच्या पुष्पाबाईंकडे जाते म्हणाली. कुसुमला शेवटचे महिने त्यांनीच चमच्यानं भरवलं, न्हाऊमाखू घातलं. मी तिच्या मागोमाग त्यांच्या दारापर्यंत गेलो. ती उंबऱ्यात वळली.

“तुम्ही घरीच थांबा,” म्हणाली. “मला त्यांच्याकडून ऐकायचंय. पहिल्यापासून.”

आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. मी माझ्या पायरीवर बसलो. पुष्पाबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधूनच मृणाल काहीतरी विचारायची आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा. दीड तास झाला असेल. एकदा दोघी रडल्या. आणि मग एकदा, मी चांगला ऐकला, दोघी मोठ्यानं हसल्या. कुसुमचीच काहीतरी गोष्ट असणार, त्या आजारातली, मी घरात असतानाचीच. मला ती ठाऊक नाही.